दुधावरून मोडलेलं घर

नमस्कार श्रोतेहो. लहानपणी आमच्या घरासमोर दूध संकलन केंद्र होतं. पहाटे पाचला कॅनचा खणखणाट सुरू व्हायचा, आणि लिटरमागे रुपया उतरला की रांगेतल्या माणसांचे चेहरेही उतरायचे. म्हणून कॅनडातल्या एका नेत्याचं राजकारण दुधावरून फिरलं, याचं मला नवल वाटलं नाही.

मॅक्सिम बेर्निए हे क्वेबेक प्रांतातल्या बोस मतदारसंघाचे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे खासदार होते. वडीलही तिथलेच खासदार. 2017 च्या पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत ते उतरले आणि उघड म्हणाले, दुधाचा कोटा रद्द करा. तिथे कुणी किती दूध घालायचं ते कोट्याने ठरतं, दर उत्पादनखर्च धरून बांधला जातो आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर लोणी आयात केलं तर जवळपास 300 टक्के शुल्क पडतं. याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो, असं बेर्निए सांगायचे. त्यात तथ्य आहे. पण बोस हा गोठ्यांचा मुलूख! क्वेबेकचे दूधउत्पादक पक्षाचे सभासद झाले, ते त्यांना पाडण्यासाठीच. मतमोजणीच्या तेराव्या फेरीत त्यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू शीअर 50.95 टक्क्यांवर निसटते जिंकले. खुद्द बोसमध्येही तेच पुढे होते. पुढे राजधानी ओटावात पत्रकारांच्या मेजवानीत शीअर यांनी सगळ्यांदेखत दुधाचा खोका तोंडाला लावला.

ऑगस्ट 2018 मध्ये बेर्निए बाहेर पडले आणि सप्टेंबरात त्यांनी वेगळी चूल मांडली: पीपल्स पार्टी ऑफ कॅनडा. कर कमी, सरकारचा पसारा कमी, बाहेरून येणारी माणसंही कमी. हा शेवटचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. टोरांटोच्या आसपास आपल्या कितीतरी मराठी घरांनी कष्टाने संसार उभे केलेत. 2019 मध्ये बोसने बेर्निएंना पाडलं. निवडून आले रिशार लऊ, पूर्वी स्वतः दुग्धव्यवसाय केलेले.

2021 मध्ये कोविडच्या निर्बंधांवरचा राग या पक्षाकडे वळला. साधारण 8 लाख 40 हजार मतं मिळाली, म्हणजे जवळपास 5 टक्के. जागा मात्र शून्य. त्याच निवडणुकीत ग्रीन पक्षाला 2.3 टक्के मतांवर 2 जागा, आणि फक्त क्वेबेकमध्ये लढणाऱ्या ब्लॉक केबेक्वाला 7.6 टक्क्यांवर 32 जागा! बेर्निएंची मतं देशभर विखुरलेली. आपल्यासारखंच तिथेही मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं, तोच खासदार. त्यांच्या विचारांशी माझं जमत नाही, तरी इतक्या लोकांच्या बाजूने संसदेत बोलायला एकही माणूस नसावा, हे मला मनापासून खुपतं.

2023 मध्ये बेर्निए मॅनिटोबातल्या पोटनिवडणुकीत उभे राहिले, तिथेही हरले. 2025 मध्ये पक्षाची मतं एक टक्क्याच्याही खाली गेली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा केला: व्यापार कराराच्या बोलणीत दुधाच्या कोट्याला हात लावायचा नाही.