कडू इंद्रजव, गोड इंद्रजव

नमस्कार, श्रोतेहो.

काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन नुसतं ‘इंद्रजव द्या’ म्हणालात, तर जुना दुकानदार विचारतो, “कडू की गोड?” कडू इंद्रजव म्हणजे पांढऱ्या कुड्याचं बी, गोड म्हणजे काळ्या कुड्याचं. दोन्ही झाडं आपल्या सह्याद्रीतलीच. दोघांनाही पांढरी फुलं, दोघांनाही लांब शेंगांच्या जोड्या. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. पण औषधाला सालही लागते, आणि ती झाडावरून उतरून बाजारात आली की शेंगा कुठल्या बघणार? मग चाखायची. पांढऱ्याची साल कडूजहर, काळ्याची तशी नाही. आणि हगवणीवर लागू पडते ती कडू.

गोऱ्या डॉक्टरांनीही ही साल वापरून पाहिली. कधी गुण आला, कधी नाही, आणि औषधाचं नाव मात्र खराब झालं. बाजारात भलत्याच कुड्याची साल मिसळली जात होती ना! साल युरोपपर्यंत पोचली. ती ओळखणारा माणूस मात्र वाटेतच गळाला, असं मी म्हणेन.

तो नेहमीच गळत होता असंही नाही. मलबारचा डच गव्हर्नर व्हान रीड याने तिथल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला छापवला, 1678 ते 1693 या काळात. पहिल्याच खंडात कुडा आहे, ‘कोडगपाल’ या तिकडच्या नावाने. त्याच खंडात माहिती देणाऱ्यांच्या साक्षीही छापल्या आहेत. एक इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याची. दुसरी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीनच्या तिघा कोकणी मंडळींची, चक्क नागरी अक्षरांत! साक्ष 1675 सालची, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षीची. झाडावर चढून फांद्या आणणाऱ्यांची नावं तिथेही नाहीत, हे खरं. पण ज्ञान कुणाकडून घेतलं हे सांगायची लाज त्या डच माणसाला वाटली नाही. नंतरच्या कितीतरी साहेबांनी आपल्या ग्रंथांत ‘एका नेटिव्हाने सांगितले’ एवढ्यावर भागवलं.

आता मुंबईत येऊ. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या म्युझियममध्ये आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तेच म्युझियम, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. आठांतले दोघे आपले: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढच्याच जानेवारीत सोसायटीचा मुक्काम फोर्ब्ज स्ट्रीटवर फिप्सनसाहेबांच्या पेढीत हलला. पेढी वाइनची, बरं का! तेव्हा निसर्ग-अभ्यासाला हजेरीची अडचण कधी आली नसावी.

सखाराम अर्जुन या बैठकीला रिकाम्या हाताने आले नव्हते. 1879 मध्येच त्यांनी मुंबईतल्या औषधींची इंग्रजी सूची छापली होती, आणि तिच्यात ताज्या वापरल्या जाणाऱ्या वनौषधींची यादीही जोडली होती. मला तीच यादी मोलाची वाटते. वाळलेली साल गोदामात बसून तपासता येते. ओला पाला, ताजी मुळी यांच्यासाठी मात्र त्या रोज आणणाऱ्याशी, वापरणाऱ्याशी बोलावं लागतं, आणि त्याच्याच भाषेत. साहेबाला त्यासाठी दुभाषी लागला असता. सखाराम अर्जुनांना तो लागत नव्हता, आणि सोसायटीला अशा माणसाचा केवढा उपयोग होता हे सांगायला नको.

पण त्यांना वेळच मिळाला नाही. सोसायटी दोन वर्षांचीही झाली नव्हती, तोच 1885 मध्ये ते वारले. नेमका तेव्हाच त्यांच्या सावत्र मुलीवरचा, रखमाबाईंवरचा, नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारल्याचा खटला मुंबईत चालू होता, आणि पुढे तो गाजला. रखमाबाई पुढे स्वतः डॉक्टर झाल्या, आणि सखाराम अर्जुनांचं नाव आजही निघतं ते बहुधा त्या खटल्याच्या हकिगतीत. कुड्याच्या, गुळवेलीच्या, अडुळशाच्या गोष्टीत क्वचितच.