चेन ऑइलरचा थेंब मिनिटावर मोजायचा की किलोमीटरवर?

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो: बाइकला ऑटोमॅटिक चेन ऑइलर, म्हणजे चालत्या गाडीत चेनवर आपोआप तेलाचे थेंब सोडणारी छोटी टाकी आणि नळी, बसवू का? बसवा. पण अशा ऑइलरचं नेहमीचं सेटिंग असतं साधारण मिनिटाला एक थेंब, आणि ते मुंबईत जसंच्या तसं ठेवलंत तर मागचा टायर तेलकट होणार. का, ते आधी हिशेबाने बघू.

ताशी ६० ने चाललात तर मिनिटाला १ किलोमीटर होतो, म्हणजे किलोमीटरला १ थेंब. चेनला एवढं भरपूर झालं. आता तीच बाइक सकाळी नऊ वाजता एलबीएस रोडवर घाला. सरासरी ताशी १५ मिळाली तर किलोमीटरला ४ थेंब पडले. त्यात सिग्नलला चेन थांबलेली, इंजिन चालू आणि ऑइलरही चालूच. तेल एकाच जागी साचतं आणि सिग्नल सुटला की रिमवर, टायरवर उडतं. बरं, मोकळा रस्ता तरी कुठे मिळणार? सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, सगळीकडे दुचाकीला बंदी!

म्हणून ऑइलर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नाही. तो थेंब कशावर सोडतो, हे विचारा.

स्कॉटऑइलर कंपनीचा जुना, प्रसिद्ध प्रकार इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इनटेकमधली (इंजिन हवा आत घेतं त्या वाटेतली) ओढ व्हॉल्व्ह उघडते आणि तेल स्वतःच्या वजनाने खाली येतं. इंजिन सुरू की थेंब सुरू, गाडी हलो न हलो. कार्ब्युरेटरच्या गाडीला हे जोडणं सोपं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या मात्र बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या असतात. त्यांच्या थ्रॉटल बॉडीजवळच्या नळीला टी (तीन तोंडांचा सांधा) जोडलात आणि तिथून हवा आत शिरली, तर आयडलिंग वरखाली होतं, इंजिनचा दिवा लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर या वाटेला जाऊच नका.

दुसरा प्रकार १२ व्होल्टच्या छोट्या पंपाचा. यात चाकाचा वेग किंवा गाडीची हालचाल ओळखणारा घ्या, नुसता टायमरवाला नको. वायर इग्निशन चालू झाल्यावरच करंट येणाऱ्या लाइनवरून घ्यायची आणि मध्ये किटबरोबर सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज टाकायचा. थेट बॅटरीवर जोडलात तर पार्किंगमध्येही पंप चालू राहू शकतो.

तिसरा प्रकार हाताचा: लूबमनसारखी दाबायची बाटली किंवा कोब्रा निमोसारखं फिरवायचं झाकण. नाव ऑटोमॅटिक नाही, पण घर ते ऑफिस करणाऱ्याला मी हाच सुचवेन. तेल तुम्ही सोडाल तेव्हाच पडतं, सिग्नलला नाही. आणि चेनवर पूर्ण बंद कव्हर असलेली कम्युटर बाइक असेल तर यातलं काहीच घेऊ नका, पैसे वाचवा.

आता कॅमेरा जरा खाली घेऊ. हे मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. चेनची खालची बाजू पुढून येते आणि इथे, तळाशी, दातांवर बसते. नोझलचं, म्हणजे तेल सोडणाऱ्या तोंडाचं, टोक त्या जागेच्या किंचित आधी, दातांच्या मुळापाशी, स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला हलकं टेकलं पाहिजे. टोक ४५ अंशात तिरकं कापा. तेल स्प्रॉकेटवर पडतं आणि फिरण्याच्या जोराने बाहेर, रोलरकडे सरकतं. नोझल थेट चेनवर धरलंत तर थेंब वाऱ्याने उडतो. आणि टोक टेकलेलंच नसेल तर थेंब लोंबत राहतो आणि शेवटी टायरवर पडतो. निम्म्या तक्रारी इथल्याच.

नळी स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बाजूने न्यायची, सायलेन्सरपासून लांब. स्विंगआर्म जिथे वळतो तिथे थोडी ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात नळी ताणून निघेल. चिकटवायचे क्लिप असतील तर आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकट पत्र्यावर काही टिकत नाही.

घरगुती जुगाड करणारे मेडिकलमधला सलाइन सेट वापरतात. त्याच्या चाकाने थेंब छान आवळता येतो, पण ती नळी तेलात राहून काही महिन्यांत कडक होते आणि सांध्यातून सुटते. त्याऐवजी ४ मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) नळी घ्या. नागदेवी स्ट्रीटला न्यूमॅटिकच्या दुकानात मीटरवर मिळते.

तेल कुठलं? ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल. ओ-रिंग चेनलाही, म्हणजे सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनलाही, चालतं. तिच्या पिनमधलं ग्रीस आत सीलबंद असतं, बाहेरचं तेल रोलर, स्प्रॉकेट आणि रबर रिंगांसाठी. समुद्राच्या खाऱ्या हवेत चेनच्या पट्ट्यांवर गंज चढतो, तोही थांबतो. वापरलेलं इंजिन ऑइल नको, त्यात धातूची कीस असते. आणि चेन पेट्रोलने धुऊ नका, रिंगा खराब होतात. रॉकेल किंवा चेन क्लीनर घ्या.

प्रमाण सांगतो. तेलाचे साधारण ३० थेंब म्हणजे १ मिली. कोरड्या दिवसांत दोन किलोमीटरला एक थेंब धरा. महिन्याला ८०० किलोमीटर चालवत असाल तर ४०० थेंब, म्हणजे १३-१४ मिली. ५० मिलीची टाकी तीन महिने पुरते. पावसात दुप्पट करा, कारण पाणी तेल धुऊन नेतं. आणि एक लक्षात ठेवा: मे महिन्याच्या उन्हात तेल पातळ होतं, त्यामुळे जानेवारीत लावलेलं सेटिंग मेमध्ये जास्त थेंब सोडतं.

थेंब येतच नसेल तर आधी टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बघा. ते बुजलं की आत ओढ तयार होते आणि तेल अडकतं. दुसरा संशय नळीतल्या बुडबुड्यावर. तो काढायला तेल नोझलच्या बाजूने सिरिंजने वर ढकला, टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत.

बसवल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. डाग थेंबाएवढा असेल तर ठीक, तळव्याएवढा असेल तर सेटिंग कमी करा. २००-३०० किलोमीटरनंतर चेनवर पांढरा कागद फिरवा: पातळ तपकिरी रेघ हवी, काळा चिखल नको. त्याच वेळी टायरची कड आणि मागची ब्रेक डिस्क बोटाने तपासा, अर्थात डिस्क गार झाल्यावर. डिस्कवर तेल दिसलं तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडला तेल लागलं असेल तर ते घासत बसू नका, सरळ बदला.