कोयता म्हणजे किती माणसं?

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, विषय दिलाय 'कष्ट आणि त्याचं मोल'. बोलायचं ऊसतोडीवर आहे, पण आधी पाच मिनिटं गुऱ्हाळावर जाऊन येतो. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मला दिसतंय.

शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून गुळाचं आपल्याला कौतुक. आता तर भौगोलिक मानांकनही आहे. आणि गुळव्याचा, म्हणजे गूळ कधी तयार झाला ते ठरवणाऱ्याचा, मान काय सांगावा! पाक पाण्यात सोडणार, बोटांत गोळी वळून बघणार आणि 'उतरा' म्हणणार. थर्मामीटर लावला तर ११८ अंशांच्या आसपास भरतं. तो रुसला तर मालक जावयासारखी समजूत काढतो. हसू नका, जावई पहिल्या रांगेत बसलेत माझे.

पण खाली चुलवाणाच्या तोंडाशी कोण बसलंय, बघितलंय कधी? मी अकरावीत होतो. जाळ घालणारा गडी पाहुण्यांच्या लग्नाला गेला. वडील म्हणाले, "चिपाडं तर ढकलायचीत, बस जा." बसलो. वाळलेलं चिपाड भुर्रकन जळतं, त्यामुळं हाताला उसंत नाही. जाळ कमी पडला की वरून शिव्या. जास्त झाला की काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतू जाते, मग परत शिव्या. तोंड भाजतंय, पाठीला माघाची थंडी. पहाटेपर्यंत भुवया गेल्या आणि तिसरं आदण, म्हणजे काहिलीतला रस, करपलं. गूळ असा काळा की वडिलांनी ते रवे बाजारात न नेता घरीच ठेवले. वर्षभर चहातून मला माझी चूक पाजली.

गडी परत आला, माझ्या भुवया बघून पोट धरून हसला. म्हणाला, "आगीकडं काय बघत बसलासा? काहिलीचा आवाज ऐकायचा." म्हणजे बघा, गुळव्याच्या बोटात जे होतं, ते ह्याच्या कानात होतं. पण गुळव्याला पदवी, आणि हा नुसता 'जाळ घालणारा'. मजुरीही तशीच. माझं म्हणणं एवढंच आहे, की मोल ठरतं ते कामाच्या नावात. नाव नसलेल्या कामाला...

घंटा झाली? बरं, पळतो आता.

ऊसतोड. बीडकडून टोळी येते, ती मोजायची कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला, ती घेणार नवरा. पगार टनावर. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते ती बाई, पण तिच्या नावाचा रकाना टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाही. आजारी पडली तर खाडा मात्र धरतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला. वही तीच राहिली. टोळीनं एन्ट्रीचे, म्हणजे शेतकऱ्याकडून वरचे, पैसे मागितले म्हणून मीही बोंबलतो, ते खोटं नाही. त्यावर वेगळं व्याख्यान द्या मला.

शेवटचं सांगतो. गेल्या हंगामात आमच्या फडात टोळी आली. पुण्याचा नातू सुट्टीला आलेला. मी म्हटलं, बारा कोयते आहेत, चहा देऊन ये. गेला बारा कप घेऊन. दहा मिनिटांत पळत परत.

"आजोबा, अजून बारा कप द्या. आणि पाचटात पोरं झोपलीत, त्यांना दूध."

बसतो, अध्यक्षमहाराज.