मुद्देमाल : एक लोखंडी कोयता

श्रोतेहो, नमस्कार.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एक बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. गावाचं नाव बदलतं, बाकी मजकूर बहुतेक तोच असतो. अमुक चौकात एक इसम संशयितरीत्या फिरत असल्याची खात्रीशीर बातमी मिळाली, पोलिसांनी सापळा रचला, दोन पंचांसमक्ष अंगझडती घेतली, तेव्हा त्याच्या कमरेला लोखंडी कोयता मिळून आला. भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७ (१), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल. पुढे कोर्टात त्या कोयत्याचं काय होतं, हे मात्र क्वचितच छापून येतं. मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टांत तीस वर्षं फौजदारी वकिली केली. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

एक खटला माझ्या मनातून कधी गेला नाही. आरोपी ऊसतोड मजूर होता. दसरा झाला की बीड, अहिल्यानगरकडून हजारो कुटुंबं कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुकादम उचल देतो ती माणशी नव्हे, कोयत्याशी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. माणसांची मोजणीच जिथं अवजाराच्या नावानं होते, तिथला हा माणूस. रात्री साडेनऊच्या सुमारास किराणा घेऊन अड्ड्यावर परत चालला होता, कोयता पाठीमागे कमरेला खोचलेला. गावात सणाचा बंदोबस्त होता. पोलिसांची गाडी थांबली, झडती झाली, पंचनामा झाला. जामिनाला उभं राहणारं त्या मुलखात त्याचं कोणी नव्हतं. तो तुरुंगातून बाहेर आला तेव्हा पट्टा पडायच्या, म्हणजे तोडीचा हंगाम संपायच्या बेतात होता.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. हत्यार कायदा १९५९ चा. त्यातली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या फार विचारपूर्वक केलेली आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली, किंवा तसा बदल करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. धारदार हत्यारं त्यात आली. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. उदाहरण म्हणून कायद्यानंच लाठीचं आणि साध्या हातकाठीचं नाव घेतलं आहे.

‘घडवलेली’ आणि ‘बदल करून घेतलेली’ या दोन शब्दांवर कोर्टात तासच्या तास जातात. लोहाराच्या भट्टीतून आलेला, लाकडी मुठीचा, एका बाजूला धार असलेला कोयता ऊस तोडायला घडवला आहे. त्याच कोयत्याला कुणी लांब नळीची मूठ वेल्ड करून घेतली, पाठीलाही धार लावली, तर वस्तूची जात बदलते. म्हणून पंचनाम्यात नुसतं ‘एक लोखंडी धारदार कोयता’ लिहून भागत नाही. मूठ कशाची, धार एकीकडे की दोन्हीकडे, टोक वाकडं की सरळ, हे लिहिलं नसेल तर न्यायाधीशांनी व्याख्या लावायची कशाला?

मग मापाचा प्रश्न. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले यांच्याबरोबर सुऱ्यांचा उल्लेख आहे, आणि तिथं पात्याची मापं दिली आहेत : ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती तिथंही वगळली आहेत. माप पात्याचं आहे, मुठीसकट नव्हे. ‘एकूण लांबी सतरा इंच’ एवढंच लिहिलेले पंचनामे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यातलं पातं किती आणि मूठ किती, हे साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या हवालदारांना तीन वर्षांनंतर कसं आठवणार?

आणखी एक अडसर आहे, तो बऱ्याच वकिलांच्याही ध्यानात राहत नाही. बंदुकीला परवाना देशभर लागतो. सुऱ्या-तलवारींचं तसं नाही. कलम ४ म्हणतं, एखाद्या भागात अशी हत्यारं बाळगण्यावर बंधन हवं असं सरकारला वाटलं, तर राजपत्रात अधिसूचना काढावी. त्या भागात, त्या वर्णनाच्या हत्याराला मग परवाना लागेल. म्हणजे कलम ४ खाली आरोप ठेवायचा तर ती अधिसूचना कोर्टापुढे यायला हवी. दिल्लीचं उदाहरण घ्या. तिथं १९८० च्या अधिसूचनेत बटणदार, गरारीदार (बटण दाबून किंवा दात्यांवर अडकत उघडणाऱ्या) चाकूंचं वर्णन आहे : पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब, १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद. त्या आधारावर वर्षानुवर्षं खटले चालले. मग २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा एका प्रकरणात अधिसूचनेचा मजकूर बारकाईनं वाचला. त्यात भाषा होती ती असे चाकू बनवण्याची, विकण्याची, विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगण्याची. आरोपपत्रात तसला हेतू कुठंच मांडलेला नव्हता. कारवाई रद्द झाली. पळवाट म्हणून कुणी नाक मुरडेल. मला तसं वाटत नाही. ज्या शब्दांवर माणूस तुरुंगात जातो, ते शब्द जसे छापले आहेत तसेच वाचले पाहिजेत.

आता महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७. हे जाळं फार मोठं आहे. शांतता राखण्यासाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात. त्यात चाकू, तलवार, भाला आलाच, पण काठी, लाठी आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. इथं शेतीचं अवजार म्हणून सूट आपोआप मिळत नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि कारण लिहून ठेवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही.

पण आदेश लोकांना कळवायला हवा, ही अट त्याच कायद्यात आहे. कलम १६३ मध्ये रीत दिली आहे : ठळक जागी प्रती चिकटवाव्यात, दवंडी पिटावी, किंवा स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावं. फडातल्या पालावर वर्तमानपत्र येत नाही. म्हणून माझा उलटतपासातला पहिला प्रश्न ठरलेला असे : आदेशाची प्रत कुठं लावली होती, कुणी लावली, नोंद दाखवा. त्या ऊसतोड मजुराच्या खटल्यात आदेशाची झेरॉक्स होती. तो आदेश त्या गावात जाहीर केल्याचा एकही कागद नव्हता.

दुसरी बाजू मी दडवणार नाही. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोवळी पोरं कोयते नाचवत गाड्या फोडत फिरली, दुकानदारांना धमकावलं. २०२३ च्या सुरुवातीला तिथं कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं विक्रेत्यांना सांगण्यापर्यंत पाळी आली. ज्यांच्या गल्लीत हे घडलं त्यांची भीती खरी आहे. तशा पोरांचा खटला कच्च्या पंचनाम्यावर सुटतो, तेव्हा मला आरोपीच्या वकिलाच्या खुर्चीवर बसूनही बरं वाटत नसे. जो ढिसाळ कागद फडातल्या मजुराला पकडवतो, तोच कागद चौकातल्या गुंडाला सोडवतो.

नुसतं बाळगणं सोडून हत्यार वापरलं गेलं, की कोर्टाचे प्रश्न बदलतात. दरोड्यात किंवा जबरी चोरीत ‘प्राणघातक हत्यार वापरलं’ तर किमान सात वर्षं. भारतीय दंड विधानात ते कलम ३९७ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३११. आता वापरलं म्हणजे भोसकलंच पाहिजे का? १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पेट्रोल पंपावरच्या लुटीचं प्रकरण आलं. फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन. आरोपीच्या हातात चाकू होता, त्यानं कुणाला मारला नव्हता. न्यायालय म्हणालं, समोरच्याला दिसेल असा, त्याच्या मनात धडकी भरेल असा उघडा चाकू हातात धरणं हाही वापरच. खिशात मिटून ठेवलेल्या चाकूची गोष्ट वेगळी. आणि चाकू हस्तगतच झाला नाही, त्याचा आकारही कुणी सांगितला नाही, तर तो प्राणघातक होता हे कशावरून, म्हणून वाढीव कलम टिकलं नाही असेही निकाल आहेत. चाकू या शब्दात पेन्सिल तासायचं पातंही येतं आणि बोकड सोलायची सुरीही.

दुखापतीच्या गुन्ह्यातही हाच शोध. २००५ मध्ये केरळच्या मथाई प्रकरणात हत्यार होता एक मोठा दगड. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की अमुक वस्तू धोकादायक हत्यार आणि अमुक नव्हे अशी कायमची यादी नसते. वस्तूचा आकार, धार, तिच्यानं काय होऊ शकतं, हे प्रत्येक खटल्यात पाहायचं. म्हणून जखम तपासणाऱ्या डॉक्टरांना साक्षीच्या वेळी ते हत्यार दाखवून ‘ही जखम यानं होऊ शकेल का’ असं विचारायला हवं. सत्तरच्या दशकापासून सर्वोच्च न्यायालय हे सांगत आलं आहे. तरीही सीलबंद पाकीट डॉक्टरांपुढे न उघडताच सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष, संपल्याचं मी कितीदा पाहिलं.

कृपाणाबद्दल अनेक जण विचारतात. आपल्या राज्यात नांदेडला हुजूर साहिब आहे, तेव्हा प्रश्न घरचाच आहे. घटनेच्या अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग समजला जाईल. देशांतर्गत विमानातही पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत असलेलं कृपाण शीख प्रवाशाला चालतं. काय, कुणाकडे, कुठं आणि किती, हे चारही प्रश्न नीट सोडवले की वाद उरत नाही, याचा हा मला आवडणारा नमुना.

आता पंचांबद्दल, कारण श्रोतेहो, इथं तुमचा संबंध येतो. उद्या रस्त्यानं जाताना पोलीस तुम्हाला थांबवतील आणि पंच म्हणून या म्हणतील. आपण घाईत असतो, सही करतो, निघून जातो. तीन-चार वर्षांनी समन्स येतं. पिंजऱ्यात उभं राहून आपण म्हणतो, ‘सही माझी आहे, पण मजकूर मला माहीत नाही, पोलीस स्टेशनात घेतली.’ झालं, पंच फितूर. मग उरते पोलिसांची साक्ष. तिच्यावरही शिक्षा होऊ शकते, पण ती शंकेपलीकडची लागते. आणि लाखेचं सील कधी लावलं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत होती का, मुद्देमाल कोठीत कधी जमा झाला, यातली एखादी कडी निखळली की शंका उभी राहतेच. तुम्हाला बोलावलं तर जरूर जा. पण पूर्ण वाचा. पट्टी लावून पातं तुमच्यासमोर मोजायला सांगा. वेळ आणि जागा खरी लिहिली आहे ना बघा, मग सही करा. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण आता करावंच लागतं, मोबाइलवर केलं तरी चालतं. ते होतंय ना, एवढं विचारायला घाबरू नका. त्या चित्रीकरणात मजुराच्या पाठीवरची किराण्याची पिशवी दिसली असती. पंचनाम्यात तिचा उल्लेखच नव्हता.

तो मजूर निर्दोष सुटला. तेव्हा तिसरा हंगाम चालू होता. निकाल वाचताना शेवटच्या परिच्छेदापाशी मी थांबलो. नेहमीचंच वाक्य होतं : मुद्देमाल कोयता मूल्यहीन असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करण्यात यावा. मी अशिलाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘सायेब, मूल्यहीन कसा? बापाच्या हातचा हाय तो. खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलेला.’

अर्ज केला. न्यायाधीश महोदयांनी तो नीट वाचला, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही, आणि वस्तू मालकाला परत देण्याचा आदेश झाला. कोठीतून कोयता आला तेव्हा पात्यावर गंज चढला होता, मुठीला सुतळीनं बांधलेल्या लेबलवर गुन्हा नंबर होता. तो घेऊन तो तसाच एसटी स्टँडकडे निघाला. मी त्याला हाक मारून थांबवलं. कँटीनमधून एक रिकामं पोतं मागून आणलं, कोयता त्यात गुंडाळला, आणि आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. गाडीत कुणी विचारलं तर आधी कागद दाखव, मग पोतं उघड, असं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

नमस्कार.