सॅटर्न कुठल्या दिवसाचं?

मंडळी, जॉन्सन स्पेस सेंटरमधलं आडवं ठेवलेलं सॅटर्न ५, म्हणजे अपोलो मोहिमांचं रॉकेट, आपण ह्यूस्टनकरांनी पाहिलेलं आहेच. भारतातून पाहुणे आले की आपली तिकडे एक फेरी ठरलेली असते. पुढच्या वेळी इंजिनांपाशी फोटो काढून झाले की त्याच्या कडेकडेने सावकाश चाला. लांबून गुळगुळीत दिसणारं ते अंग जवळून काही पट्ट्यांत चक्क पन्हळी पत्र्यासारखं आहे. उडणाऱ्या मॉडेलवर हे बारकावे प्लास्टिकमध्ये कसे आणायचे, ते आज सांगतो.

मूळ रॉकेट ११०.६ मीटर उंच, खालच्या टप्प्यांचा व्यास १० मीटर. १:१०० प्रमाणात ते कमरेच्या वर येतं, आणि त्याची कागदी नळी १० सेंमी जाड होते. कात्री हातात घेण्याआधी एक प्रश्न सोडवा: हे सॅटर्न कुठल्या दिवसाचं? पहिला टप्पा सुटल्यावर रॉकेट क्षणभर वजनरहित होतं, टाक्यांतलं इंधन तरंगायला लागतं. ते तळाशी बसावं म्हणून दुसऱ्या टप्प्याखालच्या कड्यावर छोट्या घन-इंधनाच्या मोटरी लावलेल्या असत. १९६७च्या अपोलो ४वर त्या आठ होत्या, १९६९च्या अपोलो ११वर चार, आणि १९७१च्या अपोलो १५वर एकही नाही. नाव अपोलो ११चं आणि मोटरी आठ, असं मॉडेल पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. दोन तासांचं वाचन केलं असतं तर चार भाग करायचे कष्टही वाचले असते.

पन्हळीसाठी पाव मिलीमीटर जाडीचा, रेघा असलेला स्टायरीन प्लास्टिकचा पत्रा घ्या. घेर गणिताने काढू नका. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून जिथे टोकं जुळतात तिथे सुईने टोचा. पत्रा त्या मापाने कापा आणि सांधा बाहेरून जाणाऱ्या वायरींच्या उभ्या आवरणाखाली लपवा. प्लास्टिकचा पातळ सिमेंट इथे चालत नाही. तो प्लास्टिकला प्लास्टिक विरघळवून जोडतो, कागदाला धरत नाही. नळीवर इपॉक्सीच, तेही पातळ हाताने. जास्त झालं तर वजन वाढतं.

वजनाचा धडा मला महागात पडला. माझ्या पहिल्या सॅटर्नला मी पाचही इंजिनांचे रेझिनचे नॉझल, म्हणजे खालची घंटेसारखी तोंडं, कायमचे चिकटवले. दिसायला देखणे होते. उडवताना सरळ धरणारा रॉड सोडल्यावर रॉकेट दोन-तीन मजले वर गेलं, आडवं झालं आणि गवतात आपटलं. सहा महिन्यांचं काम होतं. रॉकेटचा गुरुत्वमध्य (जिथे ते बोटावर तोललं जातं) हा हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा (जिथे हवेचा जोर एकवटतो) किमान एका नळीच्या जाडीइतका पुढे, म्हणजे नाकाकडे हवा. शेपटीला चिकटवलेला प्रत्येक ग्रॅम त्याला मागे ओढतो. गुरुत्वमध्यापासून ४० सेंमी मागे १० ग्रॅम लावलेत, तर त्याच्यापुढे ४० सेंमीवर १० ग्रॅम भरावे लागतात. एकूण २० ग्रॅम वाढले, आणि मॉडेलला उडवणारी मोटर तीच!

म्हणून आता माझे नॉझल वेगळ्या तबकडीवर असतात. उडवताना ती काढायची, घरी आल्यावर बसवायची. सॅटर्नचे खरे पंख मॉडेलला पुरेसे पडत नाहीत, म्हणून उडवताना मी पारदर्शक प्लास्टिकचे मोठे पंख जोडतो. काही अंतरावरून ते दिसत नाहीत. वरच्या टोकाकडचे बारकावे मात्र मोकळ्या मनाने करा, तिथलं वजन उपयोगीच पडतं.

त्या टेबलावरचं मॉडेल अपोलो ११चं आहे. मोटर भरलेली नाही. पेन्सिलची खूण दाबाच्या मध्याची आहे. उचला, बोटावर तोलून पाहा, आणि त्या चार मोटरी शोधा.