लिंक रिकामी, प्रोसेसर ताटकळलेला

दोन सिग्नल प्रोसेसरांमधली देवाणघेवाण संथ चालते अशी तक्रार आली, की पहिला संशय त्यांना जोडणाऱ्या लिंकवर जातो. म्हणून आधी लिंकचाच हिशेब मांडू. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा आठ कोअरचा सिग्नल प्रोसेसर सी-6678 घ्या. त्यावर सीरियल रॅपिडआयओच्या, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या जलद लिंकच्या, चार लेन (वाहिन्या) आहेत, प्रत्येकी 5 गिगाबॉडपर्यंत. म्हणजे तारेवर 20 गिगाबिट. दर 8 बिटांसाठी तारेवर 10 बिट खर्ची पडतात, म्हणून हाती उरतात 16 गिगाबिट, म्हणजे सेकंदाला 2 गिगाबाइट. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त 256 बाइट डेटा बसतो. पत्ता, सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-अंक) वगैरेंचे वीसेक बाइट धरले, तर भरलेल्या पॅकेटांनी लिंक 92 टक्क्यांवर कामी येते. तीच पॅकेटं 32 बाइटची केलीत तर साठीच्या आसपास घसरते.

इथवर कोणाचं दुमत नसतं. पण मोजायला बसलं की आकडा याच्याही पुष्कळ खाली निघतो, कारण दोन पॅकेटांच्या मधल्या वेळात लिंक नुसती बसून असते. आज बोलायचंय ते या मधल्या वेळाबद्दल.

पहिला प्रश्न असा की, घेणारा डेटा ओढतो की देणारा ढकलतो? वाचनात मागणी जाते, पलीकडची मेमरी उत्तर देते, मग डेटा परत येतो. या फेरीला 1 मायक्रोसेकंद लागतो असं समजा. एका वेळी एकच 256 बाइटची मागणी हवेत, म्हणजे उत्तराच्या प्रतीक्षेत, असेल, तर सेकंदाला 256 मेगाबाइट, म्हणजे लिंकच्या एक अष्टमांश. ती भरायची तर सतत आठ मागण्या हवेत ठेवायला हव्यात. साध्या लेखनात ही फेरीच नाही. पाठवलं की पुढचं पॅकेट मोकळं. म्हणून माझा हट्ट असतो की ज्याच्याकडे डेटा आहे त्यानेच तो पलीकडच्या मेमरीत लिहावा. ‘मला लागेल तेव्हा मी घेईन’ ही रचना कागदावर फार सुटसुटीत दिसते, आणि नंतर महाग पडते.

आता खरी डोकेदुखी, कॉर्नर टर्न, म्हणजे ओळींनी साठवलेलं मॅट्रिक्स स्तंभांनी मांडणं. रडारमध्ये ती रोजचीच. 1024 बाय 1024 चं मॅट्रिक्स आहे, प्रत्येक नमुना 8 बाइटचा कॉम्प्लेक्स. वरच्या 512 ओळी पहिल्या प्रोसेसरकडे, खालच्या दुसऱ्याकडे. ओळींचे एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता काढणारं गणित) झाले, आता स्तंभांचे करायचे. पहिल्याने 512 स्तंभांचा आपल्याकडचा भाग पलीकडे द्यायचा, एकूण 2 मेगाबाइट. भरल्या लिंकवर हे काम 1 मिलिसेकंदाहून जरासंच जास्त. पण स्तंभातले शेजारी डीडीआरमध्ये (चिपबाहेरच्या मुख्य मेमरीत) 8 किलोबाइट अंतरावर बसलेले असतात, आणि रॅपिडआयओच्या एलएसयूला (पॅकेटं पाठवणाऱ्या भागाला) सलग तुकडाच उचलता येतो. सरळ पाठवायला गेलात तर 2,62,144 कमांड, आणि प्रत्येक पॅकेटमध्ये 8 बाइट डेटा!

त्यापेक्षा उलटापालट घरातच उरकावी. ईडीएमएला (कोअरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या यंत्रणेला) एसीएनटी (एका तुकड्याचे बाइट) 128, बीसीएनटी (तुकड्यांची संख्या) 512 आणि स्रोताचा बीआयडीएक्स (एका तुकड्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर) 8192 द्या. तो 16 स्तंभांची 64 किलोबाइटची पट्टी कोअरच्या एल-2 मध्ये (चिपवरच्या जवळच्या मेमरीत) आणतो. तिथे कोअर ती पालटतो. आता प्रत्येक स्तंभाचा सलग 4 किलोबाइटचा तुकडा तयार, म्हणजे काठोकाठ भरलेली 16 पॅकेटं. अशा 32 पट्ट्या, एकूण 512 कमांड. एल-2 आहे 512 किलोबाइटची. आवक आणि जावक अशा दोन्हींसाठी पिंग-पाँग (आलटूनपालटून वापरायचे दोन-दोन) बफर ठेवले तरी 256 किलोबाइटच जातात. एक पट्टी लिंकवर असते, दुसरी कोअर पालटत असतो. पालटणं लिंकपेक्षा हळू चालत असेल तर घोडं तिथे अडतं, मग लिंकला बोल लावून उपयोग नाही. अंदाज बांधण्यापेक्षा टीएससीएल (कोअरची घड्याळ-चक्रं मोजणारा) काउंटर वाचून दोन्हींचा वेळ वेगवेगळा काढा.

वेग मिळाला की घाई होते ती ‘झालं’ म्हणण्याची. साध्या एनराइटमध्ये (पोच न मागणाऱ्या लेखनात) पूर्ण झाल्याची खूण म्हणजे पॅकेटं पाठवणाऱ्याकडून निघाली, एवढंच. पलीकडे उतरली का, हे ती सांगत नाही. प्रत्येक वेळी एनराइट-आर वापरून पोच मागितली तर तीच फेरी पुन्हा मागच्या दाराने आत येते. त्याऐवजी डेटामागोमाग डोअरबेल (पलीकडच्या कोअरला इंटरप्टने जागं करणारं छोटं पॅकेट) पाठवावी, त्याच एलएसयूमधून आणि त्याच प्रायॉरिटीने, म्हणजे ती डेटाला ओलांडून पुढे जात नाही.

डेटा पलीकडच्या डीडीआरमध्ये उतरवला असेल, तर डोअरबेल मिळाल्यावर घेणाऱ्या कोअरने तो भाग आधी कॅशमधून (कोअरजवळच्या प्रतींच्या साठ्यातून) इनव्हॅलिडेट करायचा, म्हणजे तिथली जुनी प्रत रद्द करायची. बफर 128 बाइटच्या, म्हणजे एका कॅश लाइनच्या, सीमेवर सुरू झाला आणि संपला पाहिजे. नाहीतर त्याच कॅश लाइनवर बसलेल्या शेजारच्या व्हेरिएबलची ताजी किंमत पुसली जाते. स्वतःच्या एल-2 एसरॅममध्ये उतरवलात तर हा उपद्व्याप लागत नाही, कारण तिथे एल-1 चा (कोअरच्या सर्वांत जवळच्या कॅशचा) मेळ हार्डवेअरच राखतं.