कॅनमागे दडलेला इंडिकेटर

(दृश्य: दिवेलागणीची वेळ. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता, फैजपूरच्या अलीकडे. दोन्ही बाजूंना केळीचे मळे. कॅमेरा एका मोटारसायकलच्या मागे.)

समोरच्या गाडीला दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकलेत. गाडीवाल्याला उजवीकडे मळ्याच्या वाटेला वळायचंय. बटण सरकवून झालंय, मीटरमधला हिरवा दिवा लुकलुकतोय. मागून केळीनं भरलेला ट्रक येतोय. ट्रकच्या ड्रायव्हरला मात्र कॅनचं ॲल्युमिनियमचं पोट तेवढं दिसतंय.

(दृश्य: कॅन उतरवल्यावर मागचा इंडिकेटर. काच चिरलेली, रबरी दांडी वाकलेली.)

दुधाचे कॅन असोत, फवारणीचा पंप असो की बुलेटवर टांगलेल्या बॅगा असोत, मागे स्टँड बसवला की तो पहिली गिळतो ती इंडिकेटरची जागा. मग इंडिकेटर सरकवायला लागतो. काम तासाभराचं आहे. दिवस मोडतो तो बहुतेक वेळा एका नटापायी.

आधी जागा. कॅन लावूनच जागा ठरवायची, रिकाम्या गाडीवर नाही. मागच्या इंडिकेटरांना नंबर प्लेटची पट्टी किंवा मडगार्डचा बोल्ट ही सगळ्यात सोयीची जागा. पण दोन्ही इंडिकेटर तिथे अगदी चिकटवून बसवले, तर लांबून एकच दिवा दिसतो आणि डावा की उजवा ते कळत नाही. मोजमापाला संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला 53 क्रमांकाचा नियम धरावा: मागच्या दोन इंडिकेटरांच्या आतल्या कडांमध्ये किमान 180 एमएम अंतर, पुढच्यांमध्ये 240, जमिनीपासून उंची 350 ते 1200 एमएमच्या दरम्यान. दिवा बाहेरच्या बाजूला 80 अंशांपर्यंत आणि आतल्या बाजूला 20 अंशांपर्यंत दिसायला हवा. हे कोन मोजत बसायची गरज नाही. इंडिकेटर सुरू ठेवा, गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहा आणि बाजूला सरकत सरकत गाडीच्या जवळजवळ रेषेत या. मध्येच कॅननं दिवा खाल्ला, तर पट्टी अजून बाहेर किंवा मागे न्यायला हवी. सायलेन्सरच्या बाजूला धुराच्या तोंडापासून वीतभर तरी लांब राहा, नाहीतर काच वितळते. काच म्हणायची आपली सवय, असतं ते प्लास्टिकच.

(दृश्य: ऑटो पार्टच्या दुकानाचं काउंटर. पत्र्याच्या डब्यात मिसळलेले नट.)

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "भो, गाडी कोणती?" सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. एकाच गाडीवर कंपनीचा इंडिकेटर वेगळ्या आट्यांचा आणि बाजारातला वेगळ्या आट्यांचा असतो. सोबत जुना इंडिकेटर न्यायचाच.

इंडिकेटरच्या दांड्या साधारण दोन मापांच्या: आठच्या आणि दहाच्या, म्हणजे तितक्या एमएम जाडीच्या. आठच्या दांडीला त्रास कमी, कारण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा आठचा साधा नट 1.25 पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतो आणि दांडीही तशीच असते. गोंधळ दहाच्या दांडीत होतो. दुकानातला दहाचा साधा नट दीडच्या पिचचा, म्हणजे 1.5 एमएम. जपानी घडणीच्या गाड्यांवर मात्र दहाची दांडी बहुधा बारीक आट्यांची, 1.25 ची. नट हातानं एक-दोन फेरे जातो, मग अडकतो. आपल्याला वाटतं रंग बसलाय, गंज असेल, म्हणून पाना लावून दाबतो. तिथेच दांडी गेली. ती आतून पोकळ, वायर जायला मध्ये भोक, धातूही ओतीव आणि ठिसूळ. आटे सोलतात, नाहीतर दांडी मुळातून तुटते.

(दृश्य: जवळून. दांडीवर टेकवलेली स्टीलची पट्टी, नखानं मोजले जाणारे आटे.)

पिच मोजायचं गेज नसलं तरी अडत नाही. दांडीला स्टीलची पट्टी लावा आणि आट्यांची टोकं नखानं मोजा. एका टोकापासून पुढची आठ टोकं जिथे येतात तिथे पट्टीवर बरोबर 10 एमएम दिसले, तर पिच 1.25. तेच 12 दिसले, तर दीडचं. त्याहून सोपी खूण आरशावर असते. आरशाच्या दांडीचा चेकनट, जो बहुतेक गाड्यांवर 14 च्या पान्यानं सुटतो, तो दहाचा असून 1.25 चाच असतो. तो काढून इंडिकेटरच्या दांडीवर बोटांनी फिरवून बघा. शेवटपर्यंत सुळकन गेला, तर माप मिळालं. यामाहाच्या उजव्या आरशाचा नट यासाठी घेऊ नका, त्याचे आटे उलटे असतात.

दहाच्या बारीक आट्यांच्या दांडीला एका बाजूला लागतं इतकंच: त्याच आट्यांचा, आत नायलॉनची कडी असलेला (नायलॉन) नट एक, चपटे वायसर दोन, वायर भोकाच्या कडेला घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट एक, पट्टी एक. वायसरही मोठ्या व्यासाचे घ्यावेत, दाब पसरतो. आणि एक चूक इतक्या वेळा होते की आधीच सांगितलेली बरी: वायरीला पिन दाबायच्या आधी नट आणि वायसर वायरीत ओवून घ्या. वायरीच्या टोकाची गोल (बुलेट) पिन नटातून जात नाही, मग केलेलं सगळं कापायला लागतं.

(दृश्य: फॅब्रिकेशनचं दुकान. पकडीत पट्टी, ड्रिलखाली उडणारा कीस.)

पट्टी तयार मिळते, पण ती बहुतेक वेळा दोन एमएमच्या पत्र्याची असते आणि कॅनचा पहिला धक्का बसला की नमते. 25 बाय 3 ची लोखंडी पट्टी घ्या. भोकाची जागा सेंटर पंचानं ठोकून घ्या, आधी 4 चं ड्रिल, मग दहाच्या दांडीसाठी 10.5 चं. 25 च्या पट्टीत दोन्ही कडांना सव्वासात एमएम उरतं, तेवढं पुरतं. 20 ची पट्टी घेतली, तर पावणेपाचच उरतं आणि चीर तिथून सुरू होते. वाकवताना हातोड्यानं काटकोन धारदार करायचा मोह आवरा. पकडीच्या जबड्यावर 8 एमएमची सळई ठेवून तिच्यावरून वाकवा, कोपरा गोल राहील. भोक वाकापासून किमान बोटभर लांब. पट्टी इंडिकेटरपर्यंत 60 एमएमच्या आत राहिली तर उत्तम. शंभरवर गेली की एकसिलिंडर इंजिनच्या थरथरीनं ती झेंड्यासारखी हलते. तेव्हा पट्टी 5 ची करा किंवा खाली तिरपा आधार द्या. वेल्डिंग करायचं असेल तर गाडीपासून सोडवून, बाजूला घेऊन. गाडीवरच करणार असाल, तर आधी बॅटरीच्या वायरी काढा.

रंग दिला की नवा प्रश्न येतो, अर्थिंगचा. एक वायर असलेला इंडिकेटर दांडीतूनच अर्थ घेतो, आणि रंगानं तो तुटतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळला की समजा, अर्थ गेलाय आणि करंट दुसऱ्याच वाटेनं परत फिरतोय. रंग खरवडून भागवू नका, पहिल्या पावसात तिथे गंज धरतो. दांडीच्या वायसरखाली रिंग पिन घालून 0.75 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर चेसिसच्या बोल्टवर न्या. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये नारिंगी डावी, फिकट निळी उजवी, हिरवी अर्थ. यामाहात चॉकलेटी डावी, गडद हिरवी उजवी, काळी अर्थ. म्हणजे दोन्ही गाड्यांत हिरव्या वायरीचं काम वेगळं. रंगावर भिस्त न ठेवता टेस्ट लॅम्प लावून बघा.

जोडावर काळी चिकटपट्टी नको. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा 45 वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली तिचा डिंक पातळ होऊन सुटतो. जोड झाळून घ्या आणि वर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी चढवा. रबरी दांड्याही याच उन्हात कडक होतात. जुनी दांडी वाकवून बघा. वाकताना तडे दिसले तर ती नव्या जागेवर लावण्यात अर्थ नाही.

सरकवतानाच एलईडी लावायचा विचार असेल तर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा बघा. साधे बल्ब दहा-दहा वॅटचे, एका बाजूला वीस वॅट. एलईडी त्या मानानं काहीच ओढत नाही, मग जुना फ्लॅशर घाईघाईनं फडफडतो किंवा नुसताच पेटून राहतो. एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा सरळ उपाय. 10 ओहमचा रेझिस्टर टाकूनही वेग जागेवर येतो, पण 12 व्होल्टवर तो चौदा वॅटहून जास्त उष्णता फेकतो. प्लास्टिकच्या पॅनेलला टेकवला, तर पॅनेल वितळतं. मीटरमध्ये डाव्या-उजव्याला मिळून एकच दिवा असलेल्या जुन्या गाड्यांत एक गंमत होते: एलईडी लावले की चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. करंट मीटरच्या दिव्यातून पलीकडच्या बाजूला जातो. 1एन4007 चे दोन डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारे) लावून त्या दिव्याला वेगळा अर्थ दिला की थांबतं.

पुढचे इंडिकेटर फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांवर न्यायचे असतील तर क्लॅम्प लागतो, आणि तो दुकानात फोर्कच्या जाडीवर मिळतो. व्हर्निअर नसेल तर फोर्कभोवती दोरा गुंडाळा, लांबी मोजा, 3.14 ने भागा. दोरा 110 एमएम भरला तर फोर्क 35 चा, 129 भरला तर 41 चा. रॉयल एनफील्ड क्लासिक 350 ला जुन्यात 35 आणि 2021 च्या नव्यात 41 आहे, म्हणून नुसतं "क्लासिकचा क्लॅम्प द्या" म्हटलं की चुकीचा हातात पडतो. क्लॅम्प फोर्क धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या टीच्या मधल्या, न सरकणाऱ्या भागावर. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून टाकीला काही लागत नाही ना आणि वायर ताणत नाही ना ते बघा.

(दृश्य: जवळून. नट आणि पट्टी यांवरून ओढलेली नेलपॉलिशची लाल रेघ.)

शेवटी नट आवळल्यावर नटावरून पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. भरलेल्या कॅननिशी शंभरेक किलोमीटर झाले की बघा. रेघ तुटलेली दिसली, तर तोच नायलॉन नट पुन्हा आवळू नका, नवा टाका.